टिना मोदोत्ती यांची छायाचित्रे जबलपुरात लागली पाहिजेत

इटलीत जन्मलेल्या आणि मेक्सिकोत कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद झालेल्या छायाचित्रकार टिना मोदोत्ती (1896–1942) यांची उपेक्षा झाली, अशी तक्रार आज करता येणार नाही. 1982 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल कलादालनात फ्रिदा काहलो यांच्या चित्रांच्या जोडीने त्यांची छायाचित्रे मांडण्यात आली. 1995 मध्ये फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरविले. 2024 मध्ये पॅरिसच्या ‘ज्य द पोम’ या संस्थेत त्यांच्या सुमारे 240 प्रती भिंतींवर होत्या. ज्या स्त्रीला 1930 साली मेक्सिकोच्या सरकारने देशाबाहेर हाकलले, तिच्या हातच्या प्रती आज काचेआड, मंद प्रकाशात आणि विम्याच्या संरक्षणात वावरत आहेत.

तक्रार आहे ती या प्रती कोणासमोर आणि कोणत्या ओळखीने मांडल्या जातात याविषयी. आणि ती तक्रार जबलपुरातून करण्यास आपल्याला विशेष अधिकार आहे, असे माझे म्हणणे आहे. कारण मोदोत्ती यांच्या कामाचा एक महत्त्वाचा भाग आपल्याच जुन्या मध्य प्रांतातील एका मराठी माणसाच्या खांद्याला खांदा लावून झालेला आहे. त्याचा उल्लेख पुढे सविस्तर येईल.

प्रथम बाजाराची गोष्ट. 1924 साली मोदोत्ती यांनी चार गुलाबांचे एक छायाचित्र काढले. फुले उमलून कोमेजण्याच्या बेतात आलेली, एकमेकांवर दाटीने टेकलेली. छायाचित्र सुंदर आहे यात वाद नाही. 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याची एक प्रत 1 लाख 65 हजार डॉलरना विकली गेली. छायाचित्राला लिलावात तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत ठरली. त्यानंतर जगातील वर्तमानपत्रांना या बाईचे नाव पाठ झाले. मात्र त्यांनी 1926 साली काढलेला मे दिनाचा मोर्चा, ज्यात वरून पाहिल्यामुळे एकही चेहरा दिसत नाही आणि केवळ रुंद टोप्यांचा लोंढा पुढे सरकताना दिसतो. 1927 मधील काडतुसांचा पट्टा, मक्याचे कणीस आणि विळा यांची मांडणी. पक्षाचे मुखपत्र हाती धरून वाचणारे शेतकरी, ज्यांच्या टोप्यांखाली ठळक अक्षरांत सगळ्या जमिनीची मागणी करणारा मथळा स्पष्ट वाचता येतो. ही छायाचित्रे गुलाबांच्या मागोमाग, जणू त्यांच्या पुण्याईवर, प्रसिद्धीस आली. हा क्रम उलटा आहे.

छायाचित्राच्या बाबतीत बाजाराने केलेली करामत समजून घेण्यासारखी आहे. तैलचित्र एकच असते. छायाचित्राच्या एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती निघू शकतात. या तंत्राचा सारा लोकशाही आशय यातच आहे. परंतु जी वस्तू अमाप निघू शकते तिला लिलावात भाव येत नाही. म्हणून व्यापाऱ्यांनी एक भेद निर्माण केला: छायाचित्रकाराने स्वतः, छायाचित्र काढल्याच्या सुमारास, स्वहस्ते काढलेली प्रत ती खरी, नंतरची प्रत ती दुय्यम. मोदोत्ती यांनी सुरुवातीच्या वर्षांत प्लॅटिनमच्या कागदावर, निगेटिव्ह प्रत्यक्ष कागदाला भिडवून प्रती काढल्या. त्या वहीच्या पानाएवढ्या किंवा त्याहूनही लहान आहेत, करड्या रंगाच्या इतक्या छटा त्यांत उतरल्या आहेत की छापील पुस्तकात त्यांचा अंदाजही येत नाही. हे कौशल्य मोठे आहे, आणि कामगाराच्या कौशल्याविषयी आपल्याला आदर असलाच पाहिजे. पण 1926 नंतरची बरीचशी छायाचित्रे त्यांनी काढली ती वर्तमानपत्रासाठी. ‘एल माचेते’ हे मेक्सिकन कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र. माचेते म्हणजे कोयता. स्वस्त कागदावर, ठिपक्याठिपक्यांच्या ठशातून, शाई पसरलेल्या रूपात ती छायाचित्रे शेतकऱ्यांच्या हाती पडत. बर्लिनच्या कामगार-सचित्र साप्ताहिकातही ती छापली जात. मग त्यांची ‘मूळ प्रत’ कोणती? संग्रहालयाच्या कपाटातली, की 1929 मध्ये बंदी आलेल्या त्या वर्तमानपत्राच्या पानावरची? मला तरी दुसरी वाटते.

मोदोत्ती यांचे स्वतःचे मत या बाबतीत संदिग्ध नव्हते. डिसेंबर 1929 मध्ये मेक्सिको शहरातील राष्ट्रीय ग्रंथालयात त्यांच्या हयातीतील मोठे प्रदर्शन झाले. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या छोट्या निवेदनात, आपल्या कामाला ‘कला’ किंवा ‘कलात्मक’ हे शब्द लावलेले आपल्याला रुचत नाहीत, आपण छायाचित्रकार आहोत, त्यापलीकडे काही नाही, असा आशय त्यांनी मांडला. सिकेइरोस या चित्रकाराने त्या प्रदर्शनात भाषण करून हे मेक्सिकोतील पहिले क्रांतिकारक छायाचित्र-प्रदर्शन असल्याचे ठणकावून सांगितले. दोनच महिन्यांनी, नव्या राष्ट्राध्यक्षावरील गोळीबाराचे निमित्त करून पोलिसांनी मोदोत्ती यांना पकडले आणि हद्दपार केले.

त्यांच्या जीवनाची रूपरेषा आपल्या वाचकांना ठाऊक असणे अवश्य आहे, कारण प्रदर्शनांतील फलकांवर ती जवळजवळ नेहमीच विद्रूप होऊन येते. उत्तर इटलीतील उदिने गावात जन्म. वडील कामाच्या शोधात अमेरिकेला गेलेले. मुलगी बालवयातच रेशमाच्या कारखान्यात मजुरी करू लागली. 1913 मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली आणि शिवणकाम करू लागली. पुढे नाटक, एक-दोन मूकपट. 1923 मध्ये छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांच्यासह मेक्सिकोला प्रयाण. वेस्टन यांनी त्यांना तंत्र शिकविले आणि त्याच्या मोबदल्यात त्यांनी वेस्टन यांचा स्टुडिओ सांभाळला. रिवेरा, ओरोझ्को यांच्या भित्तिचित्रांची छायाचित्रे काढून त्या चरितार्थ चालवीत. 1927 मध्ये पक्षप्रवेश. 10 जानेवारी 1929 च्या रात्री क्युबाचे तरुण कम्युनिस्ट नेते हुलिओ आन्तोनिओ मेया त्यांच्यासोबत रस्त्याने चालत असता मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडले. हद्दपारीनंतर बर्लिन, मॉस्को, आंतरराष्ट्रीय लाल मदत संघटनेचे काम. मग स्पेनच्या यादवी युद्धात ‘मारिया’ या नावाने रुग्णालयांत आणि निर्वासितांत सेवा. 1939 मध्ये पुन्हा मेक्सिको. 5 जानेवारी 1942 रोजी रात्री टॅक्सीत हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. वय अवघे पंचेचाळीस.

आता या चरित्रातून प्रदर्शनांचे फलक काय उचलतात? वेस्टन यांनी काढलेली त्यांची नग्न छायाचित्रे, त्यांचे प्रियकर, मृत्यूभोवतीच्या अफवा. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मेया यांच्या खुनानंतर पोलिसांनी मोदोत्ती यांच्या घराची झडती घेतली आणि ती नग्न छायाचित्रे वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली. राजकीय खुनाचे रूपांतर प्रेमप्रकरणातल्या खुनात करायचे होते. क्युबाच्या हुकूमशहाकडे बोट जाऊ नये अशी व्यवस्था करायची होती. त्यासाठी साक्षीदार स्त्रीचे चारित्र्य हे सर्वांत सोपे साधन. 1929 च्या त्या वर्तमानपत्रांनी जे बदनामीसाठी केले तेच आजचे फलक कौतुकाच्या स्वरात करतात. स्वर बदलला, तरी बाईच्या कामावरून नजर हटवून ती तिच्या शरीराकडे वळविण्याची युक्ती कायम आहे.

जबलपूरकरांना ही युक्ती अपरिचित असू नये. याच शहरातील सुभद्राकुमारी चौहान 1923 च्या झेंडा सत्याग्रहात उतरल्या, तुरुंगात गेल्या, 1942 मध्ये पुन्हा गेल्या. आज शाळाशाळांतून त्यांची झाशीच्या राणीवरील कविता घोकली जाते. तुरुंगवासाची ती प्रकरणे मुलांना कोण सांगतो?

आता मध्य प्रांतातील त्या मराठी माणसाकडे वळू. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे मराठी वाचकांना वीणा गवाणकर यांच्या ‘डॉ. खानखोजे : नाही चिरा’ या चरित्रामुळे परिचित आहेत. टिळकांच्या प्रभावाखाली देश सोडलेला हा तरुण अमेरिकेत शेतीशास्त्र आणि लष्करी शिक्षण दोन्ही घेतो, गदर चळवळीच्या संस्थापक मंडळींत वावरतो, पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर ब्रिटिशांविरुद्ध लढतो, 1921 मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त आदी क्रांतिकारकांसमवेत मॉस्कोला जातो, आणि परतीच्या सर्व वाटा बंद झाल्यावर 1924 मध्ये मेक्सिकोला पोहोचतो. तेथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका हे मेक्सिकन शेतकऱ्याचे अन्न आणि दैवतही. त्या मक्याच्या नव्या जाती तयार करण्यात त्यांनी आपली विद्या लावली. मक्याचा रानटी भाईबंद तेओसिंते याच्याशी संकर करण्याचे प्रयोगही त्यांनी केले.

परंतु खानखोजे केवळ प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ राहिले नाहीत. शेतकऱ्यांना विद्यालयाच्या दारापर्यंत येणे परवडत नाही, तेव्हा विद्यालयानेच गावात जावे, या विचाराने त्यांनी ‘मुक्त कृषी शाळा’ उभ्या केल्या. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही. शेतात राबणारा माणूस हाच विद्यार्थी. त्यांपैकी दुसऱ्या शाळेला एमिलियानो झापाता याचे नाव देण्यात आले. जमिनीसाठी लढताना 1919 मध्ये दग्याने मारला गेलेला तो शेतकरी नेता. या शाळांचे, तेथे जमलेल्या शेतकऱ्यांचे, खानखोजे यांच्या मक्याच्या वाणांचे छायाचित्रण टिना मोदोत्ती यांनी 1928 च्या सुमारास केले.

या छायाचित्रांचे वैशिष्ट्य असे की त्यांना काहीतरी काम करायचे होते. कणसाचे दाणे ओळीत कसे बसतात, एका वाणाचे कणीस दुसऱ्याहून कशात वेगळे, बियाणे म्हणून कोणते बाजूला ठेवावे, हे निरक्षर शेतकऱ्यालाही पाहून कळावे, असा त्यांचा उपयोग. ज्या नजरेने 1924 चे गुलाब पाहिले तीच नजर येथे कणसावर खिळली आहे. प्रकाश तोच, रेखीवपणा तोच. पण आता चित्रातील वस्तूला उपयोग आहे आणि पाहणाऱ्याला प्रयोजन आहे. मोदोत्ती यांच्या विकासातील हे पाऊल समीक्षकांनी बहुधा हुकविले आहे. मोर्चा आणि विळा यांच्या छायाचित्रांत त्या क्रांतीची प्रतीके जुळवीत होत्या. कणसांच्या छायाचित्रांत प्रतीक उरत नाही, कणीस हे कणीसच असते, आणि म्हणूनच मला ही छायाचित्रे अधिक पुढची वाटतात.

चापिंगोचा आणखी एक संदर्भ सांगण्याजोगा आहे. तेथील जुन्या प्रार्थनामंदिराच्या भिंती डिएगो रिवेरा यांनी 1924 ते 1927 या काळात रंगविल्या. भूमीच्या रूपातील नग्न स्त्रीच्या आकृतींसाठी त्यांनी ज्या स्त्रियांना समोर बसविले त्यांत मोदोत्ती होत्या. त्याच आवारात, वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने, त्या हाती कॅमेरा घेऊन खानखोजे यांच्या मक्याच्या ताटांसमोर उभ्या राहिल्या. भिंतीवर भूमी म्हणून पहुडलेली स्त्री आता भूमी कसणाऱ्यांची नोंद घेत होती. त्याच विद्यालयात रिवेरा यांनी लिहून ठेवले आहे की, येथे शोषण शिकविले जाते ते जमिनीचे, माणसाचे नव्हे. आणि मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत, 1928 मधील भित्तिचित्रांच्या एकाच मालिकेत, एका चित्रात मोदोत्ती काडतुसांचा पट्टा हाती घेऊन उभ्या आहेत, तर दुसऱ्यात खानखोजे पंगतीच्या अग्रभागी बसून भाकरी मोडीत आहेत. उदिनेची गिरणीकामगार मुलगी आणि वर्ध्याचा फरारी क्रांतिकारक यांना एका छताखाली आणणारी शक्ती कोणती होती, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

स्वातंत्र्यानंतर खानखोजे यांनी मायदेशी येण्याची परवानगी मागितली, तेव्हा ब्रिटिशांनी तयार केलेली काळी यादी स्वतंत्र भारताच्या कचेऱ्यांत तशीच शाबूत असल्याने ती प्रथम नाकारण्यात आली. अखेरीस ते आले, नागपुरात राहिले आणि 22 जानेवारी 1967 रोजी तेथेच वारले. 2022 मध्ये लोकसभेच्या अध्यक्षांनी चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण केले. पुतळा झाला हे योग्यच झाले. मात्र पुतळ्यासमोर उभे राहून कोणाला मुक्त कृषी शाळा कशी चालत होती हे कळत नाही. ते कळते छायाचित्रांतून.

म्हणून जबलपूर. 1956 पर्यंत वर्धा, नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. खानखोजे परतले ते याच राज्यात. 1964 पासून आपल्या शहरात जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे. या महसुली विभागातील छिंदवाडा हा मध्य प्रदेशातील मक्याचा आघाडीचा जिल्हा. त्यातून 2023 मध्ये वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा आणि सौंसरचा भाग तर मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यांचा. गोल बाजारातील शहीद स्मारकाच्या भिंती शांतिनिकेतनात शिकलेल्या बेओहार राममनोहर सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वातंत्र्यलढ्याच्या चित्रांनी रंगविल्या आहेत. म्हणजे भिंतीवर इतिहास वाचण्याची सवय या शहराला आहे. मुक्तिबोधांसारखा मराठी घरातला हिंदी कवी येथे राहून गेला, परसाईंनी येथे आयुष्य घालविले, ‘पहल’ येथून निघाले, ‘विवेचना’ची नाटके येथे झाली. रिवेरांच्या भिंती आणि चापिंगोचा मका यांना याहून अधिक ओळखीची जागा देशात शोधूनही सापडणार नाही.

काही सहकारी विचारतील की या प्रती आणायच्या कोठून आणि विम्याचे पैसे कोण देणार. प्लॅटिनम कागदावरील प्रती आणण्याचे कारणच नाही. 1920 च्या दशकात छापल्या गेलेल्या या छायाचित्रांवरील स्वामित्वहक्काची मुदत भारतात केव्हाच संपली आहे. चांगल्या पुस्तकांवरून आणि संग्रहालयांनी खुल्या केलेल्या प्रतींवरून मोठ्या आकाराचे छापे काढावेत, साध्या पुठ्ठ्यावर चिकटवावेत. ‘एल माचेते’च्या कागदाहून ते चांगलेच असतील. आपल्याच पक्षाच्या इतिहासात याचा दाखला आहे. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात पूरणचंद जोशी यांनी सुनील जाना यांना कॅमेरा घेऊन सोबत नेले. ती छायाचित्रे ‘पीपल्स वॉर’मध्ये आणि त्याच्या मराठी आवृत्तीत, ‘लोकयुद्धा’त, छापून आली तेव्हा देशाला भुकेचा चेहरा दिसला. त्या वेळी कोणी जाना यांच्या मूळ प्रतींचा भाव विचारला नव्हता. आज मात्र त्यांची छायाचित्रेही दालनांत गेली आहेत, आणि आपल्या किती जिल्हा कचेऱ्यांत त्यांचा एक तरी छापा लावलेला आहे, हे प्रत्येकाने आपापल्या भिंतीकडे पाहून सांगावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मजुरी, हमीभाव, वीजदर यांचे लढे समोर असताना शंभर वर्षांपूर्वीच्या छायाचित्रांत शक्ती का घालवायची? याला माझे उत्तर मक्यातच आहे. आज छिंदवाड्याचा शेतकरी जे संकरित बियाणे पेरतो ते पहिल्या पिढीतच पूर्ण जोमाने येते. त्याच पिकातले दाणे राखून पुढच्या वर्षी पेरले तर पीक विषम येते आणि उतारा घटतो. म्हणून दरवर्षी कंपनीचे पाकीट विकत घ्यावे लागते. खानखोजे संकराच्या विरोधात नव्हते, ते स्वतः संकर करीत होते, आणि उत्पादन वाढविणाऱ्या शास्त्राकडे पाठ फिरविण्याचा सल्ला आपणही देत नाही. प्रश्न एवढाच की बियाणे कसे निवडावे हे ज्ञान कोणाच्या हाती असावे. चापिंगोच्या आसपासच्या गावांत ते ज्ञान झापाताच्या नावाच्या शाळेत, फीशिवाय, टोपी घातलेल्या शेतमजुराला दिले जात होते, आणि एक कम्युनिस्ट स्त्री त्याची छायाचित्रे काढून ठेवीत होती. हमीभावाच्या सभेला आलेल्या शेतकऱ्याला हे छायाचित्र दाखविणे म्हणजे विषयांतर होणार नाही.

प्रदर्शनातील फलक मात्र नव्याने लिहावे लागतील, हिंदीत आणि मराठीत. त्यांत मोदोत्ती यांचे प्रियकर नसावेत; मेया यांचा उल्लेख असावा तो त्यांच्या पक्षकार्यासह आणि खुनामागच्या राजकारणासह. उदिनेची रेशीमगिरणी आधी यावी. गुलाबांचे छायाचित्रही जरूर लावावे, पण शेवटच्या रांगेत, आणि त्याखाली लिलावाची किंमत लिहावी. ती वाचून कृषी विश्वविद्यालयाचे विद्यार्थी आपापसांत हिशेब करतील, ते करू द्यावेत. एक प्रश्न फलकावर उघडा ठेवावा लागेल. मॉस्कोला गेल्यावर मोदोत्ती यांनी छायाचित्रण जवळजवळ सोडून दिले. पक्षाच्या दुसऱ्या कामाने तो वेळ घेतला, की त्यांची पद्धत तेथे बसली नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ज्या चळवळीने त्यांना दृष्टी दिली तिच्याच कामात त्यांचा कॅमेरा थांबला, ही गोष्ट आपण झाकून ठेवू नये. शत्रूने ती आपल्याविरुद्ध सांगण्यापूर्वी आपणच ती आपल्या शब्दांत सांगितलेली बरी.

मुहूर्त मक्याच्या हंगामाचा असावा. खरिपाचा मका ऑक्टोबरपासून बाजार समित्यांत येऊ लागतो. प्रदर्शन प्रथम जबलपुरात शहीद स्मारकात आठवडाभर, मग अधारतालला विद्यापीठाजवळ, आणि तेथून टेम्पोत घालून छिंदवाडा, सौंसर, पांढुर्णा. पुठ्ठ्याच्या चौकटी पावसात भिजल्या तर दुसऱ्या काढता येतील. निगेटिव्हचा फायदा तोच आहे. बाजार समितीच्या ओट्यावर, गाड्या रिकाम्या होण्याची वाट पाहत बसलेल्या शेतकऱ्यांपुढे ही कणसे टांगली, की त्यांतला एखादा जाणता माणूस छायाचित्राजवळ जाऊन दाण्यांच्या ओळी मोजील आणि हा कोणता वाण, असे विचारील. त्याला उत्तर देता येईल असा कार्यकर्ता तेथे उभा असला पाहिजे. त्याची तयारी आतापासून करावी लागेल.